खुडलेला मोड

शैला,

काल तुझं तेरावं झालं. मुलुंडच्या तुमच्या घरात हॉलभर सतरंज्या, गोडाचं जेवण, आणि उकाडा असा की पंखा नुसता गरम वारा खाली ढकलत होता. मी मुद्दाम वाढायला उभी राहिले. बसून राहिलं की लोक बोलायला येतात. वहिनींनी श्रीखंड आणलं होतं. तुला श्रीखंड अजिबात आवडत नसे, पण ज्याचं तेरावं त्याला विचारायची पद्धत नाही.

शेवटची पंगत बसली होती. तुझे दादा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, की एकच समाधान आहे, शेवटपर्यंत तिला काही कळलं नाही. दोघातिघांनी माना हलवल्या. एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, सुटली बिचारी. मग दादा माझ्याकडे वळले. माझ्या हातात श्रीखंडाचं पातेलं होतं.

"शेवटी शेवटी तुम्हीच जास्त असायचात तिच्याजवळ, परबबाई. कळलं नव्हतं ना तिला काही?"

मी काय उत्तर दिलं ते तुला सांगायचंय, त्यासाठीच लिहायला बसलेय. पण जरा दम खाऊ दे. मी फार दमलेय गं. हिवाळ्यापासून शाळा सुटली की विक्रोळीहून बस पकडायची, तुझ्याजवळ बसायचं, घरी येऊन भात टाकायचा आणि पेपर तपासायला घ्यायचे. त्यात महापालिकेने मतदारयाद्यांचं काम गळ्यात मारलं. आता सुट्टी लागलीय, कुठे जायचं नाही, कुणासाठी भाकरी बांधून घ्यायची नाही, तरी सकाळी उठल्यापासून अंग असं जड. रोज कुणाशी तरी खोटं बोलत राहिलं की असा शीण येतो, हे मला माहीत नव्हतं.

कारण तुला कॅन्सर आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि तुला सांगायचं नाही असं ठरलं होतं. आतड्याला सूज आहे, औषधांनी उतरेल, एवढंच तुला सांगितलं होतं. परळच्या हॉस्पिटलात तुला नेलंच नाही. दारावरची पाटी वाचून तुला कळलं असतं, म्हणून रिपोर्ट तेवढे तिकडे जाऊन आले आणि तू मुलुंडच्या नर्सिंग होममध्ये राहिलीस. दादांनी मला जिन्यात गाठून शपथ घातली. मी घेतली. त्यांना मी दोष देत नाही. माझ्या सासऱ्यांच्या वेळी आम्हीही हेच केलं होतं, सगळेच करतात. पण ज्या बाईचा जन्म लोक खरं कधी बोलतात आणि ऐकणाऱ्याला बरं वाटावं म्हणून कधी बोलतात हे ओळखण्यात गेला, तिच्यापासून हे लपवायचं म्हणजे कमालच होती.

तू पहिल्यांदा माझ्या वर्गात आलीस ते वर्ष गिरण्यांच्या संपाचं. मोठ्या बाईंनी तुला आणून उभं केलं आणि म्हणाल्या, या कॉलेजात समाजशास्त्र शिकवतात, वर्षभर तुमच्या चौथीत बसणार आहेत, विज्ञान कसं शिकवतात ते बघायला. मी तुला तोंडावर विचारलं, समाजशास्त्राचा आणि विज्ञानाचा संबंध काय. तू म्हणालीस, विज्ञान पुस्तकात आहेच, पुस्तक आणि पोरं यांच्यामध्ये काय होतं ते मला बघायचंय. मला वाटलं, झालं, ऑफिसातून कुणीतरी पाळत ठेवायला पाठवलीय.

म्हणून मी शिकवायला लागले ते तपासणीला साहेब येतात तेव्हा शिकवतात तसं. नवा खडू, रंगीत तक्ते, पोरांची तोंडं धुतलेली. तू शेवटच्या बाकावर गुडघे दुमडून बसायचीस आणि जांभया द्यायचीस. आठवड्याने मी चिडून विचारलं, एवढं कंटाळवाणं शिकवते का मी? तू हसलीस. म्हणालीस, हे पहिले आठवडे मी फेकूनच देणार आहे. थोड्या दिवसांत तुम्ही सगळे दमाल. माणूस दमला की खरा वागतो.

आणि तसंच झालं. श्रावण संपेपर्यंत मी दमले, तक्ते कपाटात गेले, पोरं पुन्हा एकमेकांना पेन्सिली टोचायला लागली. तेव्हा कुठे तू नीट बसून लिहायला लागलीस.

रविवारी आपण पोरांच्या घरी जायचो. तुला चाळी माहीत नव्हत्या, मला होत्या, म्हणून मी वाट दाखवायला. लोक आधी तुला रेशनिंगवाली समजायचे, मग कुटुंबनियोजनवाली. एका घरात तर तुला बघून नवरा मागच्या दाराने पळाला होता. प्रत्येक घरी चहा, आणि नाही म्हणायची तुझी टाप नाही. परत येताना दोघींचं पोट चहाने डचमळायचं. संपामुळे बाप्ये घरीच असायचे आणि बायकोला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आपणच द्यायचे. पोरगी अभ्यास करते का? करते की, रोज करते. लगेच, ताडकन.

तू अशा उत्तरांना मान हलवायचीस, पण त्यांचं तुला फारसं काही नसे. मला सांगायचीस, लगेच आलेलं उत्तर आधीच तयार असतं, दारात आलेल्या माणसाला देण्यासाठी ठेवलेलं. खरं उत्तर शोधायला माणसाला आत जावं लागतं, म्हणून तो थांबतो. कुणी असं थांबलं की तू कागदावर शब्दांच्या मध्ये एक छोटा पोकळ गोल काढायचीस. मला आधी वाटलं, तू शून्य मार्क देतेस.

आणि जे हवंय ते तू कधी सरळ विचारायची नाहीस. त्याच्या शेजारचं विचारायचीस. सुरेखाच्या आईचं आठवतं ना? ती कंपनीतल्या लोकांचे डबे करायची, खोलीभर पातेली. अभ्यासाचं विचारलं तर रोज करते म्हणाली. मग तू विचारलंस, सुरेखाचं दप्तर घरात कुठे ठेवता? बाई थांबली. पोळपाटावरचा हात तसाच ठेवून तिने आख्ख्या खोलीभर नजर फिरवली.

"ठेवतलंय खय, बाय? जागा खय आसा?" म्हणाली. आणि मग अर्धा तास बोलत राहिली. पोरगी पहाटे उठून कणीक मळते इथपासून सगळं. तू खाली मान घालून एक गोल काढलास तेवढंच. मी मास्तरीण, पोर रोज माझ्यासमोर बसते, पण दप्तर कुठे ठेवतेस हे विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं.

मग तो वालांचा प्रयोग. तुला मी अजूनही माफ केलेलं नाही हे आज पुन्हा एकदा सांगते. चौथीच्या पुस्तकातला साधा प्रयोग. एका पट्टीला वालाच्या तीन बिया बांधायच्या, पट्टी ग्लासात उभी करायची. वरची बी कोरडी, मधली पाण्याच्या काठावर, खालची पाण्यात बुडालेली. मोड फक्त मधल्या बीला येतो, कारण पाणी आणि हवा दोन्ही तिलाच मिळतात. पुस्तकात चित्र आहे, तीन बिया आणि मधलीला ऐटीत वाकडा मोड. पोरांनी गटागटाने ग्लास मांडले, खिडकीत ओळीने ठेवले. आणि नेमके त्याच आठवड्यात साहेब तपासणीला आले.

साहेबांनी ग्लास बघितले. सगळे चित्रासारखे. त्यांनी सुरेखाला उभं करून कारण विचारलं, तिने घडाघडा सांगितलं. साहेब खूश झाले, मोठ्या बाई खूश झाल्या, आणि मी तर काय, दिवसभर हवेत. वर्गात पहिल्यांदाच प्रयोग पुस्तकासारखा झाला होता. तू शेवटच्या बाकावर होतीस आणि तूही हसत होतीस.

वर्ष संपताना एका संध्याकाळी कन्नमवार नगरच्या माझ्या घरी येऊन तू सांगितलंस. साहेब यायच्या आधी, प्रार्थनेची घंटा झाली आणि मी पोरांना घेऊन व्हरांड्यात गेले, तेव्हा सुरेखा मागे राहिली होती. तिच्या गटाच्या ग्लासात पाण्याखालच्या बीलाही छोटासा मोड आला होता. येतो कधी कधी, बुडालेली बीसुद्धा मरायच्या आधी जरा धडपडते. सुरेखाने पट्टी वर काढली, नखाने मोड खुडला, पट्टी पुन्हा ठेवली आणि मोड फ्रॉकच्या खिशात टाकून रांगेत आली. तू शेवटच्या बाकावरून सगळं बघितलंस.

"आणि गप्प बसलीस?" मी म्हटलं.

"मी बघायलाच आले होते, विजू. बोलले असते तर एक मोड वाचला असता. तो का खुडावासा वाटला हे कधीच कळलं नसतं."

"वर्ग काय तुझ्या अभ्यासासाठी भरतो?"

तू उठलीस. चहा तसाच ठेवून गेलीस. मला सगळ्यात जास्त कशाचा राग आला होता सांगू? साहेबांसमोर मी किती खूश होते ते तू बघत होतीस. तुला माहीत होतं, मला नव्हतं. अशा वेळी माणूस फार एकटा पडतो, त्याला ते नंतर कळतं एवढंच.

सुट्टी तशीच गेली. ना तू आलीस ना मी. जूनमध्ये शाळा उघडली, विज्ञानाचा पहिला पाठ घ्यायला मी वर्गात गेले, तर तू शेवटच्या बाकावर. तुझं काम संपलं होतं, अहवाल देऊन झाला होता, कॉलेजात रजा टाकून आली होतीस. हातात कागद नव्हता. पोरांनी विचारलं, या बाई कोण? मी म्हटलं, नापास झाल्यात, पुन्हा बसल्यात. झालं, आपलं भांडण मिटलं नाही पण बोलणं सुरू झालं. तेव्हापासून दर जूनमध्ये पहिल्या पाठाला शेवटचा बाक तुझा. एका वर्षी तर त्या बाकाचा पाय मोडला होता, आणि तू खाली विटा लावून बसलीस.

एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. सांगितली असती तर तू जिंकली असतीस, म्हणून. सुरेखा पाचवीत गेल्यावर मी तिला बोलावून विचारलं, मोड तू खुडलास का? नाही बाई, लगेच, ताडकन. मग मी तुझ्यासारखं शेजारचं विचारलं. म्हटलं, साहेब गेल्यावर घरी जाताना तुला कसं वाटत होतं? पोर थांबली. पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत राहिली.

"बरं वाटत होतं, बाई. तुम्ही हसत होता ना."

पुस्तकासाठी नाही, मार्कांसाठी नाही. साहेबांसमोर बाईंना बोलणं बसू नये म्हणून. दादांनी जिन्यात मला शपथ घातली ना, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला सुरेखा आठवली. म्हणून मी नाही म्हणू शकले नाही.

नर्सिंग होममध्ये मी रोज तयारीने यायचे. तू विचारशील, विजू, मला नक्की काय झालंय? मी म्हणणार, सूज गं, दुसरं काय, डॉक्टर म्हणाले वेळ लागेल. बसमध्ये मनात घोकत यायचे. तू एकदाही विचारलं नाहीस. कैरीबद्दल बोलायचीस, शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या सुनेबद्दल बोलायचीस. मला वाटायला लागलं, तू आजारपणात साधी झालीस. बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

मग एप्रिलमधली ती दुपार. तू निरोप पाठवला होतास की आज संध्याकाळी नको, दुपारीच ये. वार्षिक परीक्षा चालू होती. सकाळभर वर्गात उभी राहून, उन्हातून थेट आले. स्टुलावर बसले, चपला काढल्या आणि तुझ्या उशाच्या भिंतीला डोकं टेकलं. डोळे मिटत होते. तू माझ्याकडे न बघता, खिडकीकडे बघत म्हणालीस,

"जूनमध्ये पहिल्या पाठाला शेवटचा बाक ठेवशील ना माझ्यासाठी?"

ठेवीन की. एवढंच म्हणायचं होतं. दिवसातून दहादा मी पोरांना असं काहीतरी म्हणते, देईन की, बघेन की. पण मला तो बाक दिसला. जून दिसला. पोरांचे नवे गणवेश, आणि शेवटचा बाक रिकामा. किती वेळ गेला मला माहीत नाही. बाहेर नर्स कुणाला तरी हाका मारत होती. मग मी म्हटलं, ठेवीन ना, न ठेवून सांगते कुणाला. आवाजही बरा निघाला होता माझा.

तू मान वळवली नाहीस. तुझा हात चादरीवर होता. बोटाने तू चादरीवर एक छोटा गोल काढलास, सावकाश, जिथून सुरू केला तिथे नेऊन मिटवलास. मग तळहाताने चादर सारखी केलीस.

"बरं," म्हणालीस. "आता घरी जा. फार दमलीयस."

मी जिन्यात जाऊन रडले. शपथ मोडली नव्हती, एक शब्द बोलले नव्हते, आणि तरी सगळं सांगून बसले होते. आधी तुझा राग आला. आयुष्यभर लोकांवर वापरलंस ते शेवटी माझ्यावर वापरलंस, तेही मी दमलेली बघून, दुपार निवडून. मग खाली बसस्टॉपवर उभी असताना वाटलं, एवढ्या माणसांत खरं उत्तर मिळेल म्हणून तू माझ्याकडे आलीस. बाकीच्यांना तू विचारलंही नाहीस. यात सन्मान होता की शिक्षा, मला अजून ठरवता येत नाही.

त्यानंतर तू जे केलंस ते मी बघत होते. कॉलेजची पुस्तकं परत पाठवलीस, पसारा कशाला म्हणून. चांगली पातळं वहिनींना दिलीस, मला आता ढगळ होतात म्हणून. दादा जिन्यात मला हरखून म्हणाले, बघा, आवराआवर करायला लागलीय, उभारी धरतेय. रोज सकाळी ते विचारायचे, आज कसं वाटतंय? आणि तू म्हणायचीस, आज बरं आहे, दादा. लगेच. न थांबता. शेजारी बसून मी ऐकायचे. तूही मोड खुडत होतीस शैला, रोज एक, दादांना बरं वाटावं म्हणून. आणि मी शेवटच्या बाकावर बसल्यासारखी बघत होते आणि गप्प होते.

त्या दिवशी तू वर्गात का बोलली नाहीस, ते मला आता थोडंसं कळतं. पटत नाही, कळतं. भांडण मिटलं असं समजू नकोस. मला अजूनही वाटतं तू बोलायला हवं होतंस. पुस्तकाच्या चित्रात नसलेला तो मोड माझ्या चौथीने बघायला हवा होता. पाण्याखाली, हवा नसताना, ही बी कशाला उगवायला गेली असं एखाद्या पोराने विचारलं असतं, आणि मला उत्तर आलं नसतं, तर काय बिघडलं असतं? त्या संध्याकाळी तू चहा तसाच ठेवून गेलीस, म्हणून हे बोलायचं राहिलं. नंतर दर जूनमध्ये म्हणायचे, आज बोलते. तू समोर दिसलीस की बरं वाटायचं आणि राहून जायचं.

तुझ्याशिवाय मला पोरांना प्रश्न विचारता आले नसते गं. मी उत्तरं विचारायचे. हे तू होतीस तेव्हा म्हणायला हवं होतं, हेही राहिलं.

तर काल. पातेलं माझ्या हातात, पंगत बसलेली, सगळे माझ्याकडे बघतायत. दादांचे डोळे लाल. इतक्या महिन्यांत ते किती वाळलेत हे मला कालच दिसलं. त्यांनी विचारलं, कळलं नव्हतं ना तिला काही?

मी क्षणभरही थांबले नाही.

"नाही दादा, काही कळलं नव्हतं तिला," म्हटलं. त्यांनी डोळे पुसले. मी पुढच्या पानावर श्रीखंड वाढलं.